भरलेलां घर, मगे रंग, मगे ओळ

शनिवारी दुपारी दुकानात सहसा गिऱ्हाईक नसतं. मी काउंटरमागे बसून औषधांच्या पट्ट्या जागच्या जागी लावत होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यावर वहिनीचं नाव उजळलं. ती फोन करायची तो बहुधा मला डिवचायला, म्हणून सवयीने आधी मीच तोंड उघडलं. "काय वैनी, आज कोण मोठो? रंग काय ओळ?"  पलीकडे कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि मागे बरीच माणसं एकदम बोलत होती... मग शेजारच्या सुमनचा आवाज आला. "काका, मी सुमन. काकी खाडीत गेल्ली... तुमी येवा." ती आहे ना, एवढंच मी विचारलं, "आसा मा?" ती म्हणाली, "तुमी येवा." आमच्याकडे एवढं पुरतं. मी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की हातात अजून एक पट्टी तशीच होती.

सुनंदावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. लग्न होऊन ती आरोंद्याला आमच्या घरी आली तेव्हा मी हाफ पँटीत होतो. पण रीत म्हणजे रीत. पहिल्या दिवसापासून मी तिचा 'भावजी' आणि 'तुमी'. मी मात्र तिला सरळ 'तू' म्हणायचो. "भावजी, नाक पुसा" असं आदरार्थी बहुवचनात मला आयुष्यात दुसऱ्या कोणीही सांगितलेलं नाही. आई आमची लवकर गेली, त्यामुळे माझं नाक, माझा अभ्यास, माझं लग्न, सगळं वहिनीच्याच देखरेखीखाली पार पडलं. तिचं माहेरही खाडीकाठचंच. भरती-ओहोटीचं गणित ती बोटांच्या पेरांवर करायची. आज कुठली तिथी, म्हणजे सुकती कधी लागणार, किती वेळ टिकणार, चिखलात उतरलं तर कधी परत फिरायचं... ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. अख्खी वाडी खुबे काढायला, म्हणजे चिखलातल्या त्या गोलसर शिंपल्या वेचायला निघाली, की आधी वहिनीच्या अंगणात डोकावून विचारायची. कॅलेंडर खुंटीला लटकत असायचं, पण ते बघण्यापेक्षा तिला विचारणं सोपं होतं आणि ती चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

दादा गेल्यावर ती घरात एकटीच राहिली. तिचा मुलगा दिगू पणजीला, नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायच्या नोकरीत. मी कुडाळात, माझ्या औषधांच्या दुकानात. दिगूचा तिथे चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खिडक्यांना जाळ्या, खाली रखवालदार. त्याने हट्टाने तिला तिकडे नेलं होतं. आठवडाभरात ती पिशवी घेऊन परत आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, "थंय भरती कळणा नाय." तिच्या दृष्टीने विषय संपला.

मग एकदा ती बाजाराला कुडाळला आली होती. बाजार आटपून माझ्या दुकानात यायचं, चहा घ्यायचा, माझ्या बायकोच्या हातच्या चहाला नावं ठेवायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी तिचा फोन आला. "भावजी, तुमचां दुकान खंयच्या बाजूक?" मी दुकानाच्या पायरीवरच उभा होतो. ती समोर, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मला ती स्वच्छ दिसत होती. हातात पिशवी, कानाला फोन, आणि तिची नजर माझ्यावरून, दुकानाच्या पाटीवरून, पुन्हा माझ्यावरून फिरत होती आणि कुठेही थांबत नव्हती. मी हात हलवला. तिने बघितलं आणि पुढे बघितलं. मला त्या उन्हात थंडी वाजली, हे मी अगदी जसंच्या तसं सांगतो आहे.

गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं. ते नाव मला नवीन नव्हतं. त्याच्या गोळ्या मी कित्येक वर्षं लोकांना देत आलो होतो, नेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे शक्यतो न बघता. डॉक्टर भला माणूस. त्यांनी वहिनीलाच समोर बसवून समजावलं. या आजारात नवीन शिकलेलं आधी जातं, जुनं सगळ्यात शेवटी. डोकं रिकामं ठेवू नका, काहीतरी नवीन शिका. वहिनी अगदी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती. मला वाटलं, तिला काही कळलेलं नाही. तिला कळलं होतं, आणि माझ्यापेक्षा बरंच जास्त.

नवीन शिकायचं म्हणून मी शब्दकोड्यांची पुस्तकं नेली. ती चूल पेटवायला गेली. दिगूने फोनवर कसलेसे रंगीत गोळे फोडायचे खेळ घालून दिले. तिने फोन पालथा ठेवला. मग एका गुरुवारी, मी दुकान बंद ठेवून आलो होतो आणि दिगूलाही सुट्टी होती, तेव्हा जेवणं झाल्यावर ती ओटीवर आमच्यासमोर येऊन बसली आणि दिगूला म्हणाली, "तू थंय बोटीर काय करतंस, ता शिकव माका."

दिगू दचकला. गावात त्याच्या नोकरीविषयी लोक काय बोलतात ते त्याला ठाऊक होतं. "आई, थंय लोक जुगार खेळतत. मी नुसते पत्ते वाटतंय."

"मगे वाटतंस ता काय, ता बघूया. एवढी वर्सां झाली, माझो झील काय करता ता माका म्हायत नाय."

अशी पोकरची शिकवणी सुरू झाली. आता, पत्ते वहिनीला नवे नव्हते. चतुर्थीच्या दिवसांत आमच्याकडे गणपतीसमोर तीनपत्तीचा फड बसतो, काजूच्या बियांवर, आणि त्यात बायकाही मागे नसतात. वहिनी तर पत्ते न बघता खेळायची आणि बघणाऱ्यांना रडवायची. पण पोकर पाच पत्त्यांचं, आणि त्यात कोणता डाव कोणाच्या वर, याची उतरंड वेगळी. दिगू इंग्रजी नावं सांगायचा, ती ऐकून घ्यायची आणि आपली नावं ठेवायची. एका रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आले की राजघराणां, "गड्यासकट सगळां कुटुंब." एका रंगाचे ओळीने पाच आले की सख्खी ओळ. मग चार सारखे. त्याच्याखाली तीन सारखे नि दोन सारखे, त्याला दिगू फुल हाऊस म्हणाला. तिने त्याचं केलं भरलेलां घर, "तीन आपले, दोन पावणे." इथपर्यंत गाडी सुरळीत होती. पुढे दिगू म्हणाला, आता नुसता रंग, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे नाहीतर इस्पिकचे, आणि त्याच्याखाली नुसती ओळ, म्हणजे रंग कुठलेही, पण आकडे लागोपाठ. वहिनीने हातातले पत्ते खाली ठेवले.

"ओळ मोठी. चतुर्थीक खंयच्याय घरात जावन इचार."

मीही म्हटलं, ओळ मोठी. आमच्याकडे कोणीही हेच म्हणेल. तीनपत्तीत ओळ रंगाच्या वर असते, हे आम्ही पाळण्यात शिकतो.

"ती तीनपत्ती," दिगू म्हणाला. "पाच पत्त्यांत रंग कमी वेळा जुळता. म्हणान तो मोठो."

"कोणी मोजल्यान?"

"जगभर मोजलेलां आसा, आई."

"मी मोजूक नाय ना."

आणि तिने मोजलं. त्या सगळ्या पावसाळ्यात, घरकाम उरकलं की ती ओटीवर बसून पाच-पाच पत्ते वाटायची, बघायची, गोळा करून पिसायची, पुन्हा वाटायची. शेजारी दोन करवंट्या. रंग जुळला की एकीत काजूची बी टाकायची, ओळ जुळली की दुसरीत. कितीतरी दिवस दोन्हीत काहीच पडायचं नाही. सुमन मला फोनवर हळूच म्हणाली, काकीचं वाढलंय वाटतं, एकटीच पत्ते वाटते. मी सुमनला समजावलं, पण स्वतःला समजावणं अवघड गेलं. श्रावण सरत आला तेव्हा एका करवंटीत मूठभर बिया होत्या आणि दुसरीत त्याच्या निम्म्याही नव्हत्या. वहिनीने दिगूला फोन लावला. "बरां. रंग मोठो." एवढंच बोलून ठेवला. कुठली करवंटी कशाची ते लिहून ठेव, असं दिगूने नंतर सुचवलं होतं. "लिवची गरज काय?" ती म्हणाली, "माका म्हायत आसा मा." करवंट्या तिने देवाच्या फळीवर ठेवून दिल्या. एका बाबतीत मात्र ती शेवटपर्यंत नमली नाही. तीनपत्तीत सगळ्यांत वर असलेली तिर्रट, तीन सारखे पत्ते, पोकरमध्ये ओळीच्याही खाली. "ज्यान कोणी ह्यां ठरवल्यान, त्येका जन्मात तिर्रट लागली नसतली," असं ती दर वेळी म्हणायची. त्याखाली दोन जोड्या, एक जोडी, आणि तळाला कशाशीच न जुळणारा एकटा मोठा पत्ता. तो एकलो. (हा क्रम इथे लिहिण्यापूर्वी मी दिगूकडून पुन्हा एकदा तपासून घेतला आहे.)

दिगूचा फ्लॅटचा हट्ट थांबला नव्हता. आई एकटी, पुढे खाडी, मागे विहीर, घरात चूल. त्याचं काही चुकत नव्हतं. एका गुरुवारी त्याने विषय काढला आणि वहिनीने तो हातानेच थांबवला. ती आधीच सगळा विचार करून बसली होती. "डॉक्टर म्हणालो ना, नवां शिकलेलां आदी जातलां, जुनां मागसून? तर ह्यां माझां सगळ्यात नवां. ह्यां जोपर्यंत माझ्या तोंडात आसा, तोपर्यंत बाकीचां सगळां जाग्यार आसा. दर गुरवारी भावजी माका इचारतले. ज्या दिवशी चुकलंय, त्या दिवशी माका पणजीक घेवन जा. मी हूं की चूं करूचंय नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमी साक्षीक. फसवूचां नाय. माकाय नाय, तेकाय नाय."

आम्ही दोघांनी ते कबूल केलं.  डॉक्टरांचंच बोलणं तिने आमच्यापुढे धरलं होतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. भीतीला तोंड द्यायचं तर अशी हिशेबी तयारी करून द्यावं, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

तेव्हापासून दिवेलागणीला देवापुढे दिवा लागला, शुभंकरोति झालं, की त्याच लयीत, हात जोडलेले असतानाच वहिनी पुढे म्हणायची... "राजघराणां, सख्खी ओळ, चार सारखे, भरलेलां घर, मगे रंग, मगे ओळ, तिर्रट, दोन जोड्यो, एक जोडी, एकलो." आम्ही लहानपणी परवचा म्हणायचो तसं. गुरुवारी मी समोर बसून ऐकायचो. एकदा 'एकलो' म्हणून झाल्यावर ती दिव्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी." मी विषय बदलला. वाडीतली पोरं कुंपणापलीकडून ते ऐकून हसायची आणि मग त्यांनाही ते पाठ झालं.

त्या चतुर्थीला वहिनी जोरात होती. दुपारी फडात बसून तिने तीनपत्तीत आम्हा सगळ्यांच्या बिया ओढून घेतल्या, ओळ मोठी धरून. तिन्हीसांजेला आरतीनंतर तिने पोकरची उतरंड म्हटली, रंग मोठा धरून. एक चूक नाही. दिगूचा चेहरा उजळला होता. "काका, दोन्ही वेगळी ठेवता ती. डोक्यात गोंधळच नाय." मीही हो म्हटलं. फक्त एक गोष्ट मला खटकली होती आणि मी ती तेव्हा कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हती. पानं वाढताना वहिनीने दादाचं पान वाढलं. मग त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि कोणाला दिसू नये असं ते हळूच ओढून स्वतःपुढे घेतलं.

थंडी पडली तशा या गोष्टी वाढत गेल्या. एका गुरुवारी गेलो तर भर दुपारी दिवा लावलेला. एकदा माशाच्या कढीत मीठ इतकं, की तोंडात धरवेना, आणि ती मात्र शांतपणे जेवत होती. एकदा तिने मला दादाच्या नावाने हाक मारली आणि मी वळलो नाही तर रागावली. एकदा तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती. मी विचारलं, खाडीत गेली होतीस? म्हणाली, "खंय? मी खंयच जावक नाय." चिखल अजून ओला होता... अशा प्रत्येक वेळी मी तेच करायचो. "वैनी, म्हण बघू." आणि ती म्हणायची. राजघराणां, सख्खी ओळ, चार सारखे... न अडखळता, न थांबता, दर आठवड्याला आणखी झपाझप. मी सुटकेचा श्वास टाकून घरी यायचो, दिगूला कळवायचो, सगळं जाग्यावर आहे. माझ्या दुकानात कधीतरी गिऱ्हाईक थर्मामीटर परत घेऊन येतं, अंग भाजत असलं तरी हा आपला तोच आकडा दाखवतो, म्हणून. तो बदलून द्यायला मला क्षणही लागत नाही.

शेवटचा गुरुवार काजूच्या हंगामातला. अंगणात बोंडं पडून कुजलेली, त्यांचा आंबूस वास घरभर. वहिनीच्या अंगणात बोंडं अशी कधी पडून राहिली नव्हती. ती पायरीवर बसली होती, खाडीकडे तोंड करून. पाणी इतकं स्थिर, की पलीकडच्या माडांची सावली तुटत नव्हती. मला बघून छान हसली, चहा केला, चहा चांगला होता. दिवा लावला. शुभंकरोति म्हटलं आणि पुढे तिची उतरंड म्हटली. इतक्या वेगात, इतकी सुरेख, की मी म्हटलं, "वैनी, आता बोटीर तुकाच नोकरी देतले." ती हसली. मी चपला घालून पायऱ्या उतरलो, तेव्हा मागून तिने विचारलं, "भावजी... पण ह्यां म्हणूचां कित्या?"

हे कशासाठी म्हणायचं असं ती मलाच विचारते, म्हणजे फिरकी घेते आहे, असं मला वाटलं. तिची सवयच ती. मीही तसंच उत्तर दिलं. "घर राखूक, वैनी."

"होय," ती म्हणाली. "घर राखूक." आणि तिने दोन्ही हात जोडून डोळे मिटले.

गाडी मळेवाडच्या तिठ्यापर्यंत आली तेव्हा कुठे मला तो नमस्कार दिसला. म्हणजे, जो बघितला होता तो खरा दिसला. ती फिरकी घेत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं की हे पत्ते आहेत. दिगूची बोट नाही, शर्त नाही, रंग नाही, ओळ नाही. रोज म्हणून म्हणून तिचं सगळ्यात नवं होतं ते स्तोत्रासारखं जुनं होऊन बसलं होतं, आणि आम्ही तिघे त्याच्याकडे बघून बाकीचं घर शाबूत आहे असं समजत होतो. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथूनच दिगूला फोन लावला.  तो म्हणाला, "रविवारी माका सुट्टी. रविवारी नेऊया, काका. मी बोलतंय तिच्याकडे." मी सुमनलाही फोन करून सांगितलं, जरा लक्ष ठेव. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

शनिवारी अमावस्या होती. अमावस्येला आमच्या खाडीत दुपारी भरती असते, भरपूर, काठावरच्या कांदळवनाच्या पानांना पाणी लागेल इतकी. खुबे काढायला दुपारी जायचं ते अष्टमीला, तेव्हा सुकती असते आणि मधला चिखलाचा बांध उघडा पडतो. हे आमच्याकडे लहान पोराला कळतं आणि वाडीला शिकवलं वहिनीने. सुमनने तिला टोपली घेऊन जाताना बघितलं. नंतर ती मला हे पुन्हा पुन्हा सांगत होती, माझा हात धरून, जणू मी तिला काही विचारत होतो.

"मी इचारलंय काका, काकी, आता खंय? तर म्हणाली, खुबे काढूक, आज अष्टमी, सुकती लागली. मी म्हटलंय, काकी, आज अमावस ना? तर हसली. माका शिकवतंस गो, म्हणाली. आणि काका... माकाच वाटला, माझांच कायतरी चुकला असतलां. काकी म्हणता म्हणजे अष्टमीच असतली. म्हणान मी घरात जावन कॅलेंडर बघितलंय." कॅलेंडर बघून ती बाहेर धावत आली, तोवर वहिनी बांधापर्यंत पोचली होती आणि मागची वाट पाण्याखाली गेली होती. तिच्या हाका वहिनीने ऐकल्या असाव्यात, कारण एकदा वळून हात हलवला, असं सुमन म्हणते. सुमनला पोहता येत नाही. तिने माणसं गोळा केली, होडी सोडली. वहिनीला आणलं तेव्हा टोपली तिच्या मनगटात अडकलेलीच होती.

सुमनला मी काय सांगणार? वहिनीवर विश्वास ठेवायची सवय अख्ख्या वाडीला होती, आणि सगळ्यांत जास्त मला. आम्ही राखण करत बसलो ते ज्या दाराशी काही धोका नव्हता तिथे. आधी जाणार होतं ते नवं शेवटपर्यंत राहिलं. बोटांच्या पेरांवरचं, माहेराहून आणलेलं, आईच्या दुधासारखं जुनं, ते केव्हाच निघून गेलं होतं आणि जाताना त्याचा पाय वाजला नाही. मला या गोष्टीचा राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो तसाच आहे.

वहिनीचं दिवसकार्य उरकून काही दिवसांनी दिगू ओटीवर पत्त्यांचा जोड हातात घेऊन बसला होता. पिसत नव्हता, नुसता धरून होता. म्हणाला, "काका, मी परत गेलंय कामार. काल टेबलार एका माणसाक रंग लागलो. मी तेचो डाव वाचून सांगूक व्हयो, तर माका आईच आयकाक येवक लागली. भरलेलां घर, मगे रंग, मगे ओळ... माझां तोंडच उघडणा नाय. माणूस माझ्याकडे बघता, मी तेच्याकडे." त्याने पत्ते डब्यात घालून डबा करवंट्यांच्या शेजारी फळीवर ठेवला. मग घराची किल्ली माझ्यासमोर धरली. "घर बंद नको ठेवया. गुरवारी येवन दिवो लावशात?"

त्यानंतर मी दर गुरुवारी जातो. गेल्या गुरुवारची गोष्ट. अंगण झाडून घेतलं होतं सुमनने. आत घर थंडगार होतं, बंद घरं असतात तसं. खाडीचं पाणी खिडकीतून दिसत होतं, पण भरती की सुकती ते मला सांगता आलं नसतं. मी दिवा लावला. शुभंकरोति म्हटलं. तोंड बंद करायच्या आत त्याच लयीत पुढचं आपोआप सुरू झालं, राजघराणां, सख्खी ओळ, चार सारखे, भरलेलां घर... आणि तिथे मी अडलो. पुढे काय? रंग, की ओळ? दर गुरुवारी ऐकलेलं, तिच्यासमोर बसून, ओठांकडे बघत. जिभेवर तीनपत्ती येत होती, ओळ मोठी, ओळ मोठी. ती बरोबर नाही एवढं वाटत होतं, पण वाटत होतं इतकंच. घरात कुठेच आवाज नव्हता. मी उठलो आणि देवाच्या फळीवरच्या दोन्ही करवंट्या खाली काढून दिव्यापुढे ठेवल्या. एकीत मूठभर बिया, दुसरीत त्याच्या निम्म्याही नाहीत. जे कमी वेळा जुळतं ते मोठं, एवढं मला पक्कं आठवत होतं. पण कमी बियांची करवंटी रंगाची की ओळीची, ते वहिनीने कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

दिगूला तेव्हाच फोन करता आला असता. केला नाही. त्याला ते विचारणारा माझा आवाज मला ऐकायचा नव्हता. मी करवंट्या तशाच समोर राहू दिल्या, हात पुन्हा जोडले, आणि ऐकणारं कोणी नसताना मोठ्याने, पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. राजघराणां, सख्खी ओळ, चार सारखे, भरलेलां घर... घर राखायचं होतं.